संगणकीय खेळांतील बिनतारी माउस आणि विलंबाचा प्रश्न

संगणकावर चुरशीने खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या बाबतीत बिनतारी माउसविषयी एक समज दीर्घकाळ दृढ होऊन बसला आहे. तो असा की, हाताची हालचाल तारेतून गेली तर ती तत्काळ पोहोचते आणि हवेतून पाठवावी लागली तर तिला विलंब होतो. यास्तव ज्याला जिंकावयाचे आहे त्याने तारेचाच माउस वापरावा. हा समज निव्वळ खुळा आहे असे म्हणता येणार नाही. एके काळी तो अनुभवाला धरूनच होता. परंतु त्यामागे जे कारण लोक गृहीत धरीत आले, ते मात्र केव्हाही खरे नव्हते. विलंब होता; पण तो हवेत नव्हता. मग तो होता कोठे, आज त्यांतला किती उरला आहे, आणि उरलेला भाग साखळीच्या नेमक्या कोणत्या कडीत दडलेला असतो, याची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. विषय वरकरणी करमणुकीचा दिसला तरी त्यात संदेशवहन, विद्युत्‌ऊर्जेची काटकसर आणि मानवी हस्तकौशल्य या तिहींचा संबंध येतो. शिवाय वसतिगृहांतून राहणारे अनेक विद्यार्थी या वस्तूंवर बरीच रक्कम खर्च करीत असतात. ती योग्य कडीवर खर्च होते की नाही, हा प्रश्नही अगदीच गौण नव्हे.

माउसचा पहिला नमुना डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तयार केला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. मागे लोंबणाऱ्या तारेच्या शेपटीमुळे त्या लाकडी ठोकळ्याला उंदराचे नाव पडले. ते प्रथम कोणी ठेवले, हे पुढे खुद्द एंगलबार्ट यांनाही सांगता आले नाही. तेव्हा शेपूट नसलेला उंदीर हा शब्दशः एक वदतोव्याघातच म्हणावयाचा. तथापि शेपूट छाटण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले. १९८४ च्या सुमारास लॉजिटेक कंपनीने अवरक्त किरणांवर चालणारा माउस तयार केला. त्यात प्रेषक व रिसीव्हर यांच्यामध्ये चहाचा पेला आला तरी संदेश खुंटत असे. १९९१ मध्ये त्याच कंपनीने रेडिओ-लहरींवर चालणारा माउस बाजारात आणला, आणि समोरासमोर असण्याची अट संपली. मात्र खेळाडूंच्या उपयोगाचे बिनतारी माउस यावयास आणखी जवळजवळ दीड दशक लागले.

प्रथम संदेशाचा मार्ग पाहू. माउसच्या तळाशी एक दिवा आणि एक अतिसूक्ष्म कॅमेरा असतो. हा कॅमेरा टेबलाच्या किंवा चटईच्या पृष्ठभागाची चित्रे सेकंदाला काही हजार वेळा टिपतो. ही चित्रे डोळ्यांना पाहण्याजोगी नसतात. एका प्रसिद्ध जुन्या संवेदकात ती ३० गुणिले ३० एवढ्याच चित्रबिंदूंची असत आणि दर सेकंदाला सुमारे ६,४०० घेतली जात. लागोपाठच्या दोन चित्रांत पृष्ठभागाचा खडबडीतपणा किती सरकला, याची तुलना संवेदक स्वतःच करतो आणि ‘उजवीकडे इतके, पुढे इतके’ अशा आकड्यांत उत्तर देतो. हात सेकंदाला एक मीटर या वेगाने फिरला, आणि झटापटीच्या खेळांत तो एवढा फिरतो, तर वरील दराने दोन चित्रांमधील अंतर सुमारे ०.१६ मिलिमीटर भरेल. म्हणजे चित्रे एकमेकांवर पुरेशी पडतात आणि तुलना शक्य होते. हे सर्व काम तारेच्या व बिनतारी माउसमध्ये अगदी सारखेच चालते. फरक पडतो तो यानंतर, आकडे संगणकाकडे नेण्याच्या टप्प्यावर.

तारेच्या माउसची गोष्ट सोपी आहे असे आपण समजतो. वस्तुतः तीही ‘तत्काळ’ नाही. माउस आपण होऊन संगणकाला काही सांगत नाही. संगणक ठरावीक अंतराने त्याला विचारतो आणि विचारल्यावर माउस उत्तर देतो. यूएसबी पद्धतीच्या जुन्या, मंद प्रकारात ही विचारणा बहुधा दर ८ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा होत असे. ‘पूर्ण वेगाच्या’ प्रकारात ती दर मिलिसेकंदाला, म्हणजे १,००० वेळा होऊ शकते. त्याहून वरच्या प्रकारात मिलिसेकंदाच्या आठव्या भागाने, म्हणजे ८,००० वेळा. हालचाल झाली त्या क्षणापासून पुढील विचारणेपर्यंत ती माउसमध्येच वाट पाहत थांबते. हा थांबा सरासरीने मध्यांतराच्या निम्मा असतो: १२५ वेळांच्या दराला ४ मिलिसेकंद, १,००० वेळांच्या दराला अर्धा मिलिसेकंद. तार कितीही उत्तम असली तरी हा विलंब तिच्याने टळत नाही.

आता हवेतील प्रवासाचा हिशेब करू. रेडिओ-लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. एक नॅनोसेकंदात ती सुमारे ३० सेंटिमीटर अंतर तोडते. माउस व रिसीव्हर यांच्यात अर्धा मीटर अंतर असेल तर प्रवासास दोन नॅनोसेकंदांपेक्षाही कमी काळ लागतो. केबलमधील विद्युत्-संदेश याहून काहीसा मंदच असतो! म्हणजे केवळ वेगाचाच प्रश्न असता तर बिनतारी माउसच पुढे म्हणावा लागला असता. अर्थात दोन्ही काळ इतके क्षुद्र आहेत की त्यांची तुलना ही गंमत म्हणूनच करावयाची. खरा वेळ जातो तो संदेश ‘उच्चारण्यास’. माउसच्या एका निवेदनात बटनांची स्थिती, दोन दिशांतील सरक व चाकाची फिरकी एवढाच मजकूर असतो. त्याला पत्ता व शुद्धता-तपासणीचे अंक जोडले म्हणजे सुमारे १५० बिटांचा संदेशखंड होतो. सेकंदाला २० लक्ष बिट पाठविणाऱ्या प्रेषकाला तो उच्चारण्यास सुमारे ७५ मायक्रोसेकंद लागतात. प्रेषक बंद स्थितीतून सिद्ध होण्यास आणखी शंभर-सव्वाशे मायक्रोसेकंद, आणि ‘पोहोचले’ अशी पावती येण्यास थोडा काळ, असे सर्व धरूनही बेरीज पाव मिलिसेकंदाच्या आसपासच राहते. वर सांगितलेल्या विचारणेच्या थांब्याहून ही रक्कम लहान आहे.

असे असेल तर जुने बिनतारी माउस सुस्त का वाटत? याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ऊर्जा. तारेच्या माउसला संगणकाकडून अखंड वीज मिळते. बिनतारी माउसला आपल्या पोटातील घटावरच गुजराण करावी लागते. संवेदकातील दिवा, सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा, त्यांची तुलना करणारे मंडल आणि प्रेषक ही सर्व मंडळी भुकेली असतात. म्हणून जुन्या रचनाकारांनी तीन ठिकाणी काटकसर केली. चित्रांची संख्या कमी ठेवली. निवेदने विरळ पाठविली. आणि हात क्षणभर थांबताच संवेदकाला झोपविले. या झोपेतून जागे होण्यास लागणारा काळ कार्यालयीन कामात खपून जाई, परंतु कोपऱ्यावर दबा धरून स्थिर बसलेल्या आणि प्रतिस्पर्धी दिसताच झटका देणाऱ्या खेळाडूला तो घातक ठरे. सारांश, जो दोष लोक बिनतारीपणाच्या माथी मारीत, तो वस्तुतः उपाशी ठेवलेल्या यंत्राचा दोष होता.

या दृष्टीने पाहिले म्हणजे पुढील वीस वर्षांचा इतिहास हा रेडिओचा इतिहास नसून घटाचा इतिहास आहे, हे ध्यानात येते. २००५ मध्ये आलेल्या लॉजिटेकच्या ‘जी-७’ या माउसबरोबर दोन घट दिलेले असत. एक माउसमध्ये, दुसरा भरत ठेवावयाचा, आणि पहिला संपताच अदलाबदल करावयाची. भूक कमी करता येत नाही म्हणून शिदोऱ्या दोन, असा हा उपाय होता. २००९ मध्ये रेझर कंपनीचा ‘माम्बा’ आला. तो तारेसह व तारेविना अशा दोन्ही प्रकारे चाले. २०१७ साली लॉजिटेकने खालच्या चटईतूनच चुंबकीय क्षेत्राद्वारे माउसला सतत ऊर्जा पुरविण्याची युक्ती केली. ही युक्ती चतुर खरी. परंतु आमच्या मते अधिक महत्त्वाची घटना त्याच वर्षी घडली, ती म्हणजे अत्यल्प विजेवर चालणाऱ्या नव्या संवेदकाचा उदय. २०१८ मधील ‘जी-३०५’ हा माउस पेन्सिल-घट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाच डबल-ए घटावर, सेकंदाला १,००० निवेदने देत, २५० तासांपर्यंत चालतो असे कंपनीचे म्हणणे आहे. अशा अल्कली घटाची धारणशक्ती अदमासे २,५०० मिलिअँपिअर-तास धरली तर सरासरी प्रवाह १० मिलिअँपिअर आणि शक्ती सुमारे १५ मिलिवॉट निघते. नेहमीचा निर्देशक दिवा पूर्ण प्रकाशात याच्या दुपटीहून अधिक शक्ती खातो! एका दिव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात संपूर्ण कॅमेरा, गणकयंत्र व रेडिओ चालविणे, हा या क्षेत्रातील खरा पराक्रम होय. तो साधल्यावर झोपविण्याची गरज संपली आणि तिच्याबरोबर विलंबही गेला.

आता ज्या एका बाबतीत तार निर्विवाद वरचढ आहे तिकडे वळू. तार ही खासगी वाट आहे. हवा हा हमरस्ता आहे. आजचे बहुतेक बिनतारी माउस २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्झ या कंप्रता-पट्ट्यात चालतात. हा पट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. परवाना नको म्हणून सर्वांनीच तेथे गर्दी केली आहे: वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी कळफलक, आणि गळणाऱ्या लहरींमुळे सूक्ष्मलहरी भट्टीसुद्धा. वाय-फायचे एकेक केंद्र सुमारे २० मेगॅहर्ट्झ रुंदीची जागा अडवून बसते. म्हणजे संपूर्ण पट्ट्यात एकमेकांस न खेटणारी तीनच केंद्रे मावतात. ज्या वसतिगृहात प्रत्येक खोलीत एक केंद्र आहे तेथील स्थिती वाचकांनी कल्पनेने जाणावी.

अशा गर्दीत संदेशखंड हरवला तर पावती येत नाही आणि माउस तोच मजकूर पुन्हा पाठवितो, बहुधा दुसऱ्या कंप्रतेवर उडी मारून. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चांगल्या रचनेत हरवलेल्या निवेदनातील सरक वाया जात नाही. ती पुढील निवेदनात मिळविली जाते. दर्शक शेवटी योग्य जागीच पोहोचतो, परंतु मधली एक-दोन पावले गाळून. म्हणजे व्यत्ययाने अंतर बिघडत नाही, काळ बिघडतो. आणि तोही सरसकट न बिघडता अधूनमधून. सतत दोन मिलिसेकंदांचा विलंब असेल तर हात त्याला सरावतो. परंतु कधी अर्धा, कधी पाच, अशी अनियमितता असेल तर सरावाला आधारच राहत नाही. विलंबाच्या सरासरीपेक्षा त्याची चंचलता अधिक अपायकारक आहे, असे आमचे मत आहे. आणि जाहिरातींत नेमकी तिचीच आकडेवारी नसते.

व्यत्ययाचा आणखी एक उगम संगणकाच्या पेटीतच असतो. यूएसबी ३.० या पद्धतीत माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट या वेगाने वाहते, आणि त्या खळबळीतून जो विस्तृत गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगॅहर्ट्झच्या परिसरातही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली एका टिपणात हे मोजून दाखविले. माउसचा चिमुकला रिसीव्हर संगणकाच्या मागील बाजूस, अशाच एखाद्या जोडणीला लागून, लोखंडी पेटीच्या आड खोचलेला असेल तर तो गोंगाटाच्या कुशीत बसून दूरची कुजबुज ऐकण्याचा प्रयत्न करीत असतो. उपाय अगदी सोपा व स्वस्त आहे: जोडतारेने रिसीव्हर पुढे आणून माउसपासून वीत-दीड वीत अंतरावर, उघड्या जागी ठेवावा. पुष्कळ कंपन्या ही जोडतार माउसबरोबरच देतात, आणि पुष्कळ ग्राहक ती खोक्यातच ठेवून देतात. बिनतारी माउसला शेवटी तारेचाच टेकू लागावा यात विनोद आहे खरा. पण ती तार हाताला ओढत नाही, हा भेद मोठा आहे.

कारण तारेचा स्वतःचा दोष हाच आहे, आणि तो विलंबाच्या चर्चेत हटकून विसरला जातो. टेबलाच्या कडेला घासणारी, मॉनिटरमागे अडकणारी, वळकटी घातल्याने ताठर झालेली तार प्रत्येक हालचालीला एक लहानसा, दिशेनुसार बदलणारा विरोध करते. तो टाळण्यासाठी खेळाडू तार उचलून धरणाऱ्या कमानी वापरीत. बिनतारी माउस पूर्वी घटामुळे जड होता, म्हणून एक अडचण जाऊन दुसरी येई. परंतु २०१८ मधील ‘जी प्रो वायरलेस’ ८० ग्रॅमचा होता आणि २०२४ मधील रेझरचा ‘वायपर व्ही-३ प्रो’ सुमारे ५४ ग्रॅमचा आहे. या घडामोडीनंतर व्यावसायिक खेळाडूंनी तार सोडली, तीही वेगाच्या लोभाने नव्हे, तर हात मोकळा व्हावा म्हणून.

एवढ्यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जाईल. दृश्य उद्दीपनाला प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात; मग एक-दोन मिलिसेकंदांची चिकित्सा कशासाठी? या आक्षेपात अर्धेच तथ्य आहे. नेम धरणे ही एकच प्रतिक्रिया नसून डोळा व हात यांच्यामधील अखंड दुरुस्तीची क्रिया आहे. विलंब प्रत्येक दुरुस्तीत पुन्हा पुन्हा शिरतो. लक्ष्य जितके दूर व लहान तितका वेळ अधिक, हा नियम पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला. त्याच्याच आधारे मॅकेन्झी व वेअर यांनी १९९३ मध्ये माउसच्या विलंबावर प्रयोग केले. विलंब ८.३ वरून २२५ मिलिसेकंदांवर नेला असता लक्ष्य गाठण्याचा काळ ६४ टक्क्यांनी आणि चुकांचे प्रमाण २१४ टक्क्यांनी वाढले. त्यांच्या सूत्रात विलंब हा लक्ष्याच्या अवघडपणाशी नुसता बेरजेने जोडलेला नसून त्याने गुणिला जातो, ही बाब विशेष मननीय आहे. तथापि या प्रयोगातील किमान विलंबच ८.३ मिलिसेकंदांचा होता. त्यावरून अर्ध्या मिलिसेकंदाच्या फरकाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे मापपट्टीच्या पहिल्या खुणेच्याही आतले अंतर मोजू पाहणे होय.

तेव्हा प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ चित्रांच्या पडद्यावर ६.९, आणि २४० च्या पडद्यावर ४.२. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या खेळाचे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे ७.८ मिलिसेकंदांच्या अंतराने, खेळाची स्थिती नव्याने मांडतात. या रकमांपुढे रेडिओचा पाव मिलिसेकंद ठेवून पाहावा. ज्याच्यापाशी ६० चित्रांचा पडदा आहे त्याने विलंब टाळण्यासाठी महागडा माउस घेणे म्हणजे गळक्या हौदाला चांदीची तोटी बसविण्यासारखे आहे.

खुद्द माउसमध्येही रेडिओहून मोठी एक कडी आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते: ती म्हणजे बटन. धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की स्थिर होण्यापूर्वी काही क्षण थरथरतात. ही थरथर अनेक क्लिक म्हणून मोजली जाऊ नये यासाठी माउसमधील आज्ञावली काही मिलिसेकंद थांबून मगच निर्णय देते. हा थांबा किती ठेवावा हे सर्वस्वी रचनाकाराच्या हाती असते. परिणामी निष्काळजीपणे रचलेला तारेचा माउस हा उत्तम रचनेच्या बिनतारी माउसहून मंद ठरू शकतो. पट्ट्यांऐवजी प्रकाशकिरण तोडणारी बटने आल्यापासून हा थांबा जवळजवळ नाहीसा करता येतो.

बिनतारी म्हटले की सगळे एकच, असेही समजू नये. अनेक माउसमध्ये स्वतंत्र रिसीव्हर व ब्लूटूथ अशा दोन्ही सोयी असतात. ब्लूटूथच्या अल्प-ऊर्जा प्रकारात दोन भेटींतील अंतर ७.५ मिलिसेकंदांखाली आणण्याची मुभा २०२५ पर्यंत नव्हती. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १३३ भेटी. टिपणे काढण्यास हे पुरेसे आहे, खेळास नाही. त्याच माउसची कळ सरकवून रिसीव्हरवर आणली की तो जवळजवळ आठपट तत्पर होतो. ‘बिनतारी माउस मंद असतो’ अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम ही कळ पाहावी.

अलीकडे सेकंदाला ४,००० किंवा ८,००० निवेदने देणारे बिनतारी माउस निघाले आहेत. ८,००० च्या दराने विचारणेचा सरासरी थांबा ०.५ वरून सुमारे ०.०६ मिलिसेकंदांवर येतो. लाभ अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. मोबदल्यात घट कितीतरी लवकर संपतो आणि संगणकाच्या प्रक्रियकावर दर सेकंदाला हजारो अधिक व्यत्ययांचा भार पडतो. तो भार न पेलल्यास चित्रेच मंदावतात. ज्याचा पडदा व संगणक अतिशय वेगवान आहेत त्याला याचा किंचित उपयोग होत असेल. इतरांनी १,००० वर समाधान मानणे शहाणपणाचे होईल.

ज्यांना याची स्वतः पडताळणी करावयाची असेल त्यांच्यासाठी मापनाविषयी दोन शब्द. मोबाइलच्या सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने माउस व पडदा एकत्र टिपून चित्रे मोजण्याची पद्धत लोकप्रिय आहे; परंतु तिचे सर्वांत लहान एकक ४.२ मिलिसेकंद असल्याने तिने एकूण साखळीचा अंदाज येतो, तार व बिनतार यांतील फरक येत नाही. तो काढण्यासाठी दोन्ही माउस एकाच फळीवर घट्ट बसवावेत, फळी पुढेमागे ढकलावी, आणि दोघांची निवेदने संगणकात कोणत्या क्षणी आली हे वेगवेगळ्या स्तंभांत नोंदवावे. हालचाल एकच असल्याने संगणक, खेळ व पडदा यांचे विलंब वजाबाकीत निघून जातात आणि दोन माउसमधील अंतर तेवढे उरते. असे हजारभर नमुने घेऊन केवळ सरासरी न काढता त्यांचा प्रसारही आलेखात मांडावा. मग रिसीव्हर संगणकाच्या मागे खोचून तोच प्रयोग पुन्हा करावा, आणि शेजारच्या खोलीतील वाय-फायवर चित्रपट सुरू असताना तिसऱ्यांदा.